खिशातला चौकोन – भाग ७ : हाताने वळलेला काठ

आज ‘पफ’ ही फुगीर घडी घ्यायची ठरली होती, पण ती एक आठवडा पुढे गेली. कारण नाशिकच्या एका वाचकांचं पत्र. मुलीने परदेशातून आणलेला रेशमी पॉकेट स्क्वेअर त्यांनी एका लग्नानंतर लाँड्रीत दिला. परत आला तो स्वच्छ आणि कडक इस्त्रीचा. रंग जागेवर, डाग नाही, तरी खिशात घातल्यावर तो पूर्वीसारखा बसेना. टोकं लवंडायला लागली. नेमकं काय बिघडलं, असं त्यांनी विचारलं आहे.

बिघडला तो काठ. इस्त्रीने तो दाबून चपटा केला. या लेखमालेत रंग आणि घड्यांवर बरंच लिहून झालं, काठ मात्र राहून गेला होता, आणि माझ्या मते पॉकेट स्क्वेअरचा सगळा जीव तिथेच आहे. म्हणून आजचा भाग पूर्ण त्याच्यावर.

आधी तो होतो कसा ते पाहू. रेशमाची कापलेली कड ओलसर बोटांनी तीन-चार मिलिमीटर आत वळायची. ज्यांनी देवापुढच्या वाती वळल्या आहेत त्यांना बोटांची ही हालचाल शिकवावी लागणार नाही. मग सुई खालच्या कापडाचे एक-दोन धागेच उचलते, वळलेल्या काठाच्या पोटात शिरते, आतल्या आत जवळपास अर्धा सेंटिमीटर सरकते आणि बाहेर येऊन पुन्हा एक-दोन धागे उचलते. असे चार-सहा टाके सैल घालायचे आणि मग दोरा हलकेच ओढायचा. त्याबरोबर काठ गोल होतो आणि टाके आत बुडतात. दोरा जास्त ओढला तर काठाला चुण्या पडतात, कमी ओढला तर काठ उलगडतो. चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनाला हे एक मीटर साठ सेंटिमीटर करत जायचं, आणि चारही कोपऱ्यांवर टोक बोथट होऊ द्यायचं नाही.

दुकानात तो ओळखायला सोपा आहे. काठ अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच फिरवा. हाताने वळलेला असेल तर बोटांत गोल लागतो, दाबला की दबतो आणि सोडला की पुन्हा फुगतो. आता चौकोन उलटसुलट करून टाके पाहा. त्यांच्यातली अंतरं अगदी सारखी नसतात, आणि टाका म्हणजे जेमतेम एक ठिपका. मशिनच्या काठावर सरळ, सलग शिलाईची रेघ दिसते. स्वस्त मालाला तर आपल्याकडे ओढणीला करतात तसा पिकोच केलेला असतो. ओढणीला पिको शोभतो, कारण ती खांद्यावरून मोकळी सोडायची असते. कोटाच्या खिशात उभं राहायचं बळ मात्र पिकोत नाही.

काठ कुठल्या बाजूला वळलाय तेही बघा. एर्मेस या फ्रेंच कंपनीचा ‘कॅरे’ हा रेशमी चौकोनी स्कार्फ १९३७ साली आला. त्याचा काठ आजही हाताने वळतात आणि तो दर्शनी बाजूकडे वळलेला असतो, त्यामुळे छापलेल्या चित्राला चारही बाजूंनी बारीक उठावदार चौकट मिळते. अनेक इटालियन कारागीर काठ मागे वळतात, म्हणजे समोरून नक्षी थेट कडेपर्यंत जाते. दोन्ही पद्धती अस्सल आहेत. मला स्वतःला पहिली आवडते, कारण टोकं वर ठेवली की ती चौकट दिसते.

आता हा काठ खिशात काय काम करतो ते पाहू. पडद्यावरच्या जेम्स बाँडच्या, म्हणजे शॉन कॉनरीच्या, खिशातली पांढरी पट्टी आपण मागच्या वेळी पाहिली. त्या टीव्ही फोल्डमध्ये घडीची बाजू वर येते आणि सगळ्या कडा खाली जातात. तिथे जाड काठ उलट नडतो, कारण एकावर एक आलेल्या कडांचा उंचवटा कोटावरून जाणवतो. त्या फोल्डला लिननचा साधा, सपाट शिवलेला रुमाल उत्तम. टोकं वर काढायची असतील तर हिशेब उलटा. प्रत्येक टोकाला दोन काठ येऊन मिळतात आणि तेच त्या टोकाचा कणा होतात. ते गोल असले की टोक उभं राहतं, चपटे झाले की पातळ रेशीम मान टाकतं. नाशिकच्या वाचकांचं नेमकं हेच झालं आहे.

थोडं विषयांतर करतो. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून, विशेषतः कासिमबाजारच्या परिसरातून, रेशमी रुमाल मोठ्या प्रमाणावर युरोपात नेत असे. हे रुमाल सुटे विणलेले नसत. एका सलग थानात अनेक रुमाल असत आणि ते तिकडे गेल्यावर कापले जात. कड शिवायची ती विकत घेतल्यानंतर, आणि इंग्लंडमध्ये मुलींना शिवणाचे पहिले धडे देताना रुमालाची कड शिवायला लावत. म्हणजे कापड आपल्याकडचं आणि काठ तिकडच्या घरातला. ज्या कामाचे आज कसबी म्हणून पैसे मोजतो, ते एके काळी घरोघरी येत होतं. आजही ते शिकता येतं. त्याकडे शेवटी येतो.

चपटा झालेला काठ बहुतेक वेळा परत येतो. चौकोन टेबलावर पसरा आणि वाफेची इस्त्री काठापासून वीतभर वर धरून नुसती वाफ द्या, टेकवू नका. काठ दमट झाला की इस्त्री बाजूला ठेवा आणि अंगठा व तर्जनीत धरून तो पहिल्यासारखा वळत जा, एका वेळी चार बोटं अंतर. मग वर काही वजन न ठेवता वाळू द्या. टाका तुटला असेल तर त्याच रंगाच्या बारीक रेशमी दोऱ्याने लगेच घाला, कारण एक सुटला की शेजारचे सैल पडतात.

पुढे इस्त्री करताना फक्त मधला भाग करायचा आणि काठापासून बोटभर अलीकडे थांबायचं. रेशमाला उलट्या बाजूने, वर मलमलचं कापड ठेवून, दोन ठिपक्यांच्या खुणेवर. त्याहून जास्त ताव देऊ नका. लिनन किंचित ओलं असतानाच तीन ठिपक्यांवर. लाँड्रीत देणार असाल तर ‘कडेला इस्त्री नको’ अशी चिठ्ठी टाचून द्या.

धुण्याचं थोडक्यात. रेशीम हे प्रथिन आहे. सोड्याची धुण्याची पावडर त्याला खाते आणि ब्लीच तर त्याचा नाश करतं. आधी पांढऱ्या सुती कापडाचा ओला बोळा एका कोपऱ्यावर दाबून पाहा. रंग उतरला तर ड्रायक्लीन. नाही उतरला तर थंड पाण्यात रिठ्याचं पाणी घालून हलकेच खळबळवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या आणि सावलीत वाळवा. लिनन खळ घालून ठेवू नका. खळीला कसर लागते, आणि एकाच घडीवर महिनोन्‌महिने राहिलेलं लिनन त्या रेषेवर विरतं. वापर झाला की घडी मोडून सपाट ठेवा.

आता हा काठ घरी वळून पाहायचा असेल तर सुरुवात लिननवर करा, कारण रेशीम बोटांतून निसटतं. ३५ सेंटिमीटरचा चौकोन हवा असेल तर प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर जास्त घ्या. कात्री चालवण्याआधी कापडातला एक धागा सुईने उचलून पूर्ण ओढून काढा. तो गेला की कापडात एक बारीक फट दिसते. त्या फटीवरूनच कापा. खडूने आखलेली रेघ कापडावर सरळ दिसते, पण विणीला तिरकी जाऊ शकते, आणि तिरक्या कापाचा काठ कितीही नीट वळला तरी पीळ खातो.

पुढच्या आठवड्यात पफ नक्की. त्यासाठी ४० ते ४५ सेंटिमीटरचं रेशीम लागेल, वजनाला १६ ते १८ मॉमी. चौरस मीटरला साधारण ७० ते ७८ ग्रॅम भरतं ते. त्याहून हलकं घेतलंत तर पफ तासाभरात खिशात बसतो. पफमध्ये चारही काठ खाली जातात आणि खिशाच्या तळाशी ते फुगलेले असले तरच वरचा फुगवटा टिकतो. तेव्हा तुमच्याकडच्या रेशमी चौकोनांचे काठ तोवर बोटांत धरून तपासून ठेवा.