न जन्मलेल्या पिढीला द्यावयाचा हिशेब

घरात मूल मोठे होऊ लागले म्हणजे आईबापांना दोन जातींच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. आकाश निळे का, चंद्र लहानमोठा का दिसतो, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात सापडतात. परंतु पुलाखाली राहणारी माणसे तेथे का राहतात, एका वाडीला पिण्याचे पाणी टँकरने येत असताना पलीकडच्या शिवारात उसाला पाट कसा वाहतो, अमुक साली बँकांपुढे रांगा कशासाठी लागल्या होत्या, या प्रश्नांना तयार उत्तर नसते. वडीलधारी माणसे मग तीनपैकी एक वाट धरतात. ‘मोठेपणी कळेल’ म्हणून वेळ मारून नेतात. ‘आपल्या नशिबी तसेच होते’ म्हणून दैवावर हवाला ठेवतात. नाही तर कोणा एका पुढाऱ्याचे नाव घेऊन सारे श्रेय वा सारा दोष त्याच्या पदरात टाकतात. या तिन्ही उत्तरांत एक समान उणीव आहे. घटना कोणत्या कारणपरंपरेने घडली, तिचा भार कोणी वाहिला आणि उत्तर देणारा स्वतः त्या वेळी कोणत्या बाजूला उभा होता, या तीन गोष्टी त्यांत येत नाहीत.

जी मुले अजून जन्मालाही आलेली नाहीत, त्यांना उद्या काय सांगावयाचे याचा विचार आज करणे वरवर पाहता निरुद्योगीपणाचे वाटेल. परंतु अर्थव्यवहाराकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न निराळा दिसू लागतो. सरकार तीस वर्षांच्या मुदतीचे रोखे काढते, त्याची परतफेड करणाऱ्यांपैकी पुष्कळजण अद्याप जन्मलेले नसतात. धरण बांधले जाते, त्यात साचणारा गाळ पुढच्यांच्या वाट्याला येतो. शेकडो वर्षांत मुरलेले पाणी एका हंगामात उपसले जाते, त्याची तूट तेच सोसतात. मतदारयादीत नाव नसलेले, निवेदन देऊ न शकणारे, मोर्चा काढू न शकणारे हे आपल्या प्रत्येक मोठ्या निर्णयातील मूक भागीदार होत. भागीदाराला हिशेब दाखवावा लागतो, एवढाच या विचाराचा अर्थ आहे.

आधी कारण, मग नाव

मुलांना जग समजावून सांगण्याची परंपरा या देशाला नवी नाही. जवाहरलाल नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या आपल्या दहा वर्षांच्या कन्येला पत्रे लिहिली. ती पुढल्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. त्यांची सुरुवात राजांच्या वंशावळीने झालेली नाही. पृथ्वी कशी झाली, जीव कसा उपजला, समाज कसा बनला, या क्रमाने ती चालतात. मराठीत साने गुरुजींनी सुधा या पुतणीला लिहिलेली पत्रे घराघरांत वाचली गेली. पत्र एका मुलीला होते, परंतु श्रोता म्हणून सारी उगवती पिढी डोळ्यांपुढे होती. दोघांनीही मुलाला अजाण समजून बाळबोध गोष्टींवर त्याची बोळवण केली नाही, हा त्यांचा विशेष म्हणावा लागेल. मूल लहान असते; त्याची न्यायबुद्धी लहान नसते. ‘असे का?’ या प्रश्नावर त्याचे समाधान नावाने होत नाही, कारणानेच होते.

पगारपत्रकातील एक ओळ

महाराष्ट्रातील बहुतेक शिक्षकांच्या व कारकुनांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची एक ओळ असते. सर्वसाधारणपणे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी ती कपात होते. पगार हाती येण्यापूर्वीच ती झालेली असल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. या एका ओळीमागे महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील एक मोठा अध्याय उभा आहे, आणि तो मुलांना सांगण्याजोगा आहे.

१९७२ च्या दुष्काळात राज्यातील पिके लागोपाठ बुडाली. जुन्या मंडळींच्या बोलण्यात मिलो आणि सुकडी हे शब्द अजून येतात ते त्या वेळचे. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशा दुष्काळी कामांवर ऐन भरात सुमारे पन्नास लाख माणसे होती. धान्य इतके कमी पिकूनही १९४३ च्या बंगालसारखी मनुष्यहानी येथे झाली नाही. याचे कारण अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या सिद्धांतात सापडते. उपासमार केवळ धान्याच्या अभावाने होत नाही. धान्य मिळविण्याची ऐपत नाहीशी झाली की कोठारापुढेही माणूस उपाशी मरतो. दुष्काळी कामावरच्या मजुरीने ही ऐपत काही अंशी टिकवून धरली. हातात पैसा आला, त्यामागून गावात धान्य आले.

परंतु या अध्यायाचे महत्त्व दुष्काळ निभावला एवढ्यातच नाही. काम मागणाऱ्याला काम देणे ही संकटकाळची मेहेरबानी नसून राज्याचे नित्याचे कर्तव्य आहे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारासच मांडली होती व सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने तिला बळ दिले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाचे एक उत्तर १९७५ च्या व्यवसाय कराने दिले होते. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकाराच्या हमीसाठी आपल्या वेतनातून वाटा द्यावा, आणि शासनाने त्यात तेवढीच भर घालावी, असा हा करार होता.

हे सारे सोज्ज्वळ होते असे मुलांना सांगणे मात्र खोटेपणाचे ठरेल. हजेरीपटावर बोगस नावे लागली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, अर्धवट सोडलेल्या कामांवर रान माजले. व्यवसाय कराची घटनेतील कमाल मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला २५० वरून २,५०० रुपये झाली, ती तेथेच राहिली. तेवढ्या अवधीत रुपयाची किंमत कोठल्या कोठे गेली. तथापि ज्या कल्पनेचा उगम एका तालुक्यात झाला, ती २००५ मध्ये साऱ्या देशाचा कायदा झाली, हेही तितकेच खरे आहे.

दोन रात्रींची गोष्ट

या पिढीने पाहिलेल्या दोन रात्री उद्याच्या मुलांना हमखास विचाराव्याशा वाटतील. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पाचशे व हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून रद्द झाल्याचे जाहीर झाले. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता, मध्यरात्रीपासून देश एकवीस दिवस बंद राहील असे जाहीर झाले. दोन्ही वेळा अवधी चार तासांचा होता.

पहिल्या रात्रीबद्दल सांगताना बाजू घेण्याचा मोह अनावर असतो. त्याऐवजी हिशेब मांडावा. रद्द झालेल्या नोटांचे मूल्य चलनातील एकूण नोटांच्या मूल्याच्या सुमारे ८६ टक्के होते. काळा पैसा, बनावट नोटा आणि दहशतवादाचा पैसा यांवर आघात करणे हे जाहीर हेतू होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. म्हणजे बेहिशेबी नोटांचा मोठा भाग नष्ट होईल ही अपेक्षा फोल ठरली. दुसरीकडे, रोखीविना व्यवहार करण्याची सवय त्यानंतरच्या वर्षांत झपाट्याने वाढली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने निर्णयाची प्रक्रिया वैध ठरविली. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी भिन्न मत नोंदविले. हेतू, परिणाम आणि वैधता या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरीचा निकाल लागत नाही, हे एवढ्या एका उदाहरणावरून मुलाला शिकविता येईल. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील अनेक पाठांपेक्षा हा धडा मोलाचा आहे.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट सांगणे अधिक कठीण आहे. रोग नवा होता, त्याची भीती खरी होती, आणि जगातील कितीतरी सरकारे अंधारात चाचपडत होती. हे आधी सांगितले पाहिजे. त्यानंतर हेही सांगितले पाहिजे की ज्यांचे घर शहरात होते त्यांना ‘घरी राहा’ हा आदेश कळला, परंतु ज्यांचे घर हजार किलोमीटरवर होते त्यांना तो कळूनही पाळता येण्याजोगा नव्हता. ८ मे २०२० च्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातील कामगार, मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांच्या कडेने चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र ज्यांनी पाहिले, त्यांना त्याचा अर्थ मुलांना सांगावाच लागेल. तो अर्थ असा की, शहरांनी या माणसांचे श्रम घेतले, पण ती माणसे आपल्या यादीत कोठे लिहून ठेवली नव्हती.

याच गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. गावी पोचलेल्या या माणसांपैकी अनेकांना २०२०-२१ मध्ये आधार मिळाला तो रोजगार हमीच्या कामाचा. त्या एका वर्षात देशातील साडेसात कोटींच्या आसपास कुटुंबांनी त्या कायद्याखाली काम केले. महाराष्ट्राच्या विधिमंडळात १९७७ साली हात वर करणाऱ्यांना असला साथीचा रोग स्वप्नातही दिसला नसेल. परंतु त्यांनी उभारलेल्या कल्पनेने त्या वेळी जन्मही न झालेल्या मजुराच्या हाती घमेले-फावडे दिले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस शंभराऐवजी एकशे पंचवीस आहेत. राज्यांवरचा खर्चाचा भारही वाढविला आहे. त्याचे मूल्यमापनही याच कसोटीवर होईल: पुढील संकटात काम मागावयास आलेल्या माणसाला ते हक्काने मिळते की मेहेरबानीने?

पाण्याचे कर्ज

मागच्यांनी हमी ठेवली. ही पिढी काय ठेवणार आहे? मराठवाड्यातील जमिनीखालचा काळा पाषाण पाणी फार थोडे साठवितो. भेगांत आणि झिजलेल्या थरांत जे मुरते तेवढेच पाणी. जितके खोल जावे तितके ते कमी, आणि पुन्हा भरण्यास तितकाच अधिक काळ. अशा प्रदेशात विंधन विहिरी खोल खोल जात राहिल्या. राज्यातील पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा पाच टक्क्यांच्या आतबाहेर, परंतु सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी तो पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून, साडेतीनशे किलोमीटरच्या अंतरावरून, रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्यापूर्वी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी पुकारण्याची पाळी आली होती. मूल विचारील, ‘पाऊस कमी पडला म्हणून?’ खरे उत्तर आहे: ‘पाऊस कमी पडला, आणि पडलेला चुकीच्या ठिकाणी खर्च झाला.’

२००९ साली विधिमंडळाने संमत केलेल्या भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल विहिरींना मज्जाव आहे. तरीही बोअर घेणाऱ्या गाड्या शिवारात फिरत राहिल्या. यात केवळ शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. ज्या पिकाला भावाची हमी आणि खरेदीदार दोन्ही आहेत, ते पीक तो घेणारच. तूर-ज्वारीला तशी शाश्वती असती, तर त्याचे गणित बदलले असते. याच्या उलट, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविण्याची आणि शेतीसाठी बोअर न घेण्याची शिस्त स्वतःवर घालून घेतली. त्या गावातील बापाला मुलापुढे खाली मान घालण्याचे कारण उरणार नाही.

उत्तराची तीन पथ्ये

तेव्हा उद्याच्या मुलांना चालू काळ सांगताना शिक्षकाने आणि पालकाने तीन पथ्ये पाळावीत. निकाल देण्यापूर्वी कारण सांगावे. आकडा सांगावा, आणि त्या आकड्यात न मावलेला माणूसही सांगावा. आणि सर्वांत अवघड म्हणजे त्या घटनेत स्वतःचा वाटा किती होता, आपण कोठे बोललो आणि कोठे सोयीस्कर गप्प राहिलो, हे लपवू नये. मुले उपदेश विसरतात. मोठ्यांनी केलेली लपवाछपवी विसरत नाहीत.

परंतु केवळ उत्तम शब्दांनी हे ऋण फिटणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या पिढीने आपल्यासाठी एक कायदा, एक कर आणि एक तत्त्व मागे ठेवले. सध्याच्या पिढीने खोल गेलेली विहीर आणि उत्तम समर्थन एवढेच मागे ठेवले, तर त्या समर्थनाला श्रोता मिळणार नाही. कोणताही सार्वजनिक निर्णय घेताना, तो दहा वर्षांच्या मुलाला साध्या मराठीत, डोळ्याला डोळा भिडवून समजावून सांगता येईल काय, एवढे एकदा विचारून पाहावे. जो निर्णय तसा सांगता येत नाही, तो बदलण्याची वेळ अजून गेलेली नाही. ज्यांना सांगावयाचे, ते अजून यावयाचे आहेत.