मेंढीचा पूरक आहार : बाभळीच्या शेंगा, झाडपाला आणि पेंड

सन २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या असून त्यांपैकी १ कोटी ९० लाख एकट्या तेलंगण राज्यात आहेत. महाराष्ट्रातील संख्या २७ लाखांच्या घरात आहे. हैदराबाद शहरात विद्यानगरापासून चारमिनारपर्यंत मटणाला जी मागणी असते, तिचा या आकड्याशी निकटचा संबंध आहे. तेलंगणातील माळरानावर चरणारी काळी, राठ लोकरीची दख्खनी मेंढी आणि आपल्याकडील माण-खटावची मेंढी यांचे कूळ एकच. कमी पावसाच्या प्रदेशात, रोज कित्येक मैल चालून, वाळलेल्या काडीवर ती गुजराण करते. ती काटक आहे हे खरे. पण काटकपणा म्हणजे भूक नसणे नव्हे, हे पुष्कळदा विसरले जाते.

सन २०१७ मध्ये तेलंगण शासनाने मेंढ्यांच्या वाटपाची मोठी योजना हाती घेतली. त्याच वर्षी महाराष्ट्रात राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेस प्रारंभ झाला. वीस माद्या व एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद दोन्हीकडे होती. महामेष योजनेत संतुलित खाद्यासाठीही अनुदान ठेवण्यात आले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मेंढी अनुदानातून मिळू शकते. परंतु तिने वेळेवर गाभण राहावे आणि तिचे कोकरू जगावे, हे तिच्या पोटात काय जाते यावर ठरते.

साधारण तीस किलो वजनाच्या मेंढीला दिवसाकाठी सुमारे एक किलो कोरडा आहार लागतो. पावसाळ्यात व त्यानंतरचे काही महिने रानातून तो सहज मिळतो. फाल्गुनानंतर मात्र माळ उघडा पडतो. मेंढी दिवसभर फिरते, तोंड हलविते, पण पोटात जाते ते वाळके गवत. त्यात प्रथिने अत्यल्प असतात. मेंढीच्या कोठीपोटातील सूक्ष्म जंतू गवताचे पचन करतात आणि त्या जंतूंनाच प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास जंतू मंदावतात व पोट भरूनही मेंढी उपाशी राहते. अशा वेळी मूठभर पेंड किंवा हिरवा पाला दिला, तर त्याच वाळक्या गवताचा उपयोग अधिक होतो. पूरक आहाराचे मर्म एवढेच आहे. तो गवताची जागा घेत नाही, गवत पचविण्यास मदत करतो.

हा आहार वर्षभर द्यावयाचा म्हटल्यास लहान मेंढपाळास तो परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. पावसाळ्याच्या तोंडावर माजावर आलेली मेंढी कार्तिक-मार्गशीर्षात विते. माजाच्या आधीचे दोन-तीन आठवडे अंगावर थोडे मांस चढू लागले, तर अधिक मेंढ्या माजावर येतात व फळतात. पण हे आठवडे नेमके वैशाख-ज्येष्ठातले, म्हणजे वर्षातील सर्वांत रखरखीत. येथे निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. याच सुमारास बाभळीच्या शेंगा पिकून झाडाखाली पडतात. मेंढ्या त्या आवडीने खातात, हे कोणत्याही मेंढपाळास सांगावयास नको. मात्र आख्ख्या शेंगांतील कठीण बियांपैकी बऱ्याच न पचता लेंडीवाटे बाहेर पडतात. शेंगा वाळवून, कुटून किंवा भरडून दिल्यास बियांतील प्रथिनेही कामी येतात. सुट्टीच्या दिवसांत गावातील मुले झाडाखालील शेंगा हौसेने गोळा करतात. शिक्षकांनी त्यांना त्यांचा हा उपयोग समजावून सांगितला, तर दोन-चार पोती सहज साठतील.

वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असल्याने मेंढ्यांना त्या अधिकच प्रिय. त्या तर भरडूनच द्याव्यात. न भरडलेले बी लेंडीबरोबर शेतात जाते व दोन वर्षांत बांधावर काट्यांचे रान माजते. ज्या शेतकऱ्याने मेंढ्या बसवून घेतल्या, त्याच्याकडून मग दूषण ऐकावे लागते.

दुसरा महत्त्वाचा काळ गाभणपणाचे अखेरचे सहा आठवडे हा होय. गर्भाच्या वजनाची सुमारे दोन-तृतीयांश वाढ याच काळात होते. मेंढीच्या पोटात जागा कमी उरते, त्यामुळे ती एका वेळी फार खाऊ शकत नाही. आणि गरज मात्र वाढलेली असते. पुणे, सातारा, सांगली व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक कळप दिवाळीच्या आगेमागे वाटेला लागलेले असतात. मुक्काम रोज बदलतो. अशा गाभण मेंढ्यांना निवडून रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक द्यावा. मका किंवा ज्वारीचा भरडा निम्मा, शेंगदाण्याची पेंड पाव, उरलेला भाग तुरीची चुणी व गव्हाचा कोंडा, वर थोडे मीठ, असे साधे मिश्रण पुरते. बुरशी धरलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातील विष यकृतावर आघात करते व गाभण मेंढी गाभडण्याचा संभव असतो. नीट पोसलेली मेंढी व्यायल्यावर चीक भरपूर देते, आणि पहिल्या काही तासांत पोटात गेलेला चीक हाच कोकराचा खरा आधार.

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ ही जात विकसित केली. या मेंढ्यांना जुळी कोकरे होण्याचे प्रमाण अधिक असते. उत्पन्नाच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट. परंतु जुळी पोसणारी आई एकाच्या खुराकावर राहिली तर दोन्ही कोकरे अशक्त निपजतात, प्रसंगी आईही आजारी पडते. अशा जातीचा नर कळपात सोडणाऱ्याने पेंडीची तजवीज आधीच करून ठेवावी.

झाडपाल्यात शेवरी, हादगा, शेवगा व सुबाभूळ हे प्रथिनांनी समृद्ध आहेत. बांधावर लावलेली शेवरी वर्षभरात कापणीस येते. सुबाभळीची कथा जरा निराळी आहे. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने या झाडाचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला आणि त्याने अनेक ठिकाणी उन्हाळा निभावून नेला. परंतु त्याच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. केवळ सुबाभळीवर ठेवलेल्या मेंढीची लोकर गळू लागते, गळा सुजतो, वजन घटते. ऑस्ट्रेलियात गुरांना हा पाला बाधत असे आणि हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तो निर्धास्त खात. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने त्या शेळ्यांच्या कोठीपोटात हे विष फोडणारा जंतू असल्याचे दाखवून दिले. पुढे १९९२ मध्ये त्या जंतूस जोन्स यांचेच नाव मिळाले. आपल्या मेंढ्यांच्या पोटात असा जंतू आहे की नाही, हे पाहून कळत नाही. म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सुबाभूळ देऊ नये, हा जुना नियमच सुरक्षित.

उसाच्या वाढ्यांविषयीही हेच. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ते विपुल मिळतात, पण त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियमने युक्त असा शेवग्याचा किंवा हादग्याचा पाला सोबत असावा.

बाभळीच्या पाल्यातील व शेंगांतील तुरट द्रव्य थोड्या प्रमाणात लाभदायक, फार झाले की भूक मारणारे. या तुरटपणामुळे पोटातील जंतांना काही अंशी आळा बसतो. कडुनिंबाविषयीही मेंढपाळांत तसाच समज आहे. पण जबड्याखाली पाणी उतरले असेल व डोळ्यांच्या आतील कड पांढरी पडली असेल, तर पाल्यावर विसंबणे म्हणजे मेंढी गमावणे होय. लेंडीचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा व औषध पाजावे.

खनिज मिश्रणाबाबत एक चूक वरचेवर घडते. गाईम्हशींसाठी आणलेले मिश्रणच मेंढ्यांना दिले जाते. मेंढीला तांबे फार सोसत नाही. ते यकृतात महिनोन्‌महिने साठत राहते आणि एके दिवशी मेंढीला कावीळ होते, लघवी तांबडी-काळी होते व ती दगावते. पिशवीवर मेंढीसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर साध्या मिठाचा खडा वाड्यात टांगणे बरे. मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या नरांना केवळ कोंडा व धान्य दिल्यास मूत्रमार्गात खडे होतात. त्यांनाही पाला हवाच आणि पाणी भरपूर.

कोणताही खुराक एकाएकी सुरू करू नये. पहिल्या दिवशी पन्नास ग्रॅम, मग दहा-बारा दिवसांत पूर्ण माप. भुकेल्या कळपाने धान्याच्या खळ्यावर ताव मारला की दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात मेंढ्या मरून पडतात. बहुधा कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरे आधी जातात, आणि घरात कोणी करणी केल्याचा संशय घेतला जातो. तो आंत्रविषार असतो. पावसाळ्यापूर्वी त्याची लस टोचून घ्यावी, प्रथमच टोचत असल्यास चौदा दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी, आणि खुराक सुरू करण्याचा दिवस त्यानंतरचाच धरावा.