सेवा करणाऱ्याच्या जिवाचाही हक्क

२०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला, तेव्हा कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. गोंदिया हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा जिल्हा. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झालेले, म्हणजे जेमतेम पाच वर्षांचे. वैदर्भी उन्हाळ्यात पीपीई किट चढवली की पाळी संपेपर्यंत घोटभर पाणी पिणेही अवघड. पण उकाड्यापेक्षा जड होती ती मनातली धास्ती: हा आजार आपण घरी तर नेत नाही ना?

सालेकसा, देवरीसारख्या जंगलपट्ट्यातील तालुक्यांत हे ओझे आशाताईंच्या खांद्यावर होते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासण्याचे काम त्यांनाही करावे लागले. हातात मात्र पगार नव्हे, कामागणिक मोबदला. अखेर १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. त्यानंतर मासिक १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मंजूर झाला. मनावरच्या ताणाचे मूळ पुष्कळदा असे व्यवहारातच असते; नुसत्या टाळ्या-थाळ्यांनी ते उपटले जात नाही.

लाट ओसरली तरी ताण ओसरतोच असे नाही. झोप उडणे, क्षुल्लक गोष्टीवर चिडणे, रुग्णवाहिकेचा आवाज ऐकताच छातीत धडधडणे, ‘मी त्याला वाचवू शकलो नाही’ ही बोच वर्षानुवर्षे राहणे, या सगळ्या दुखण्याच्या खुणा आहेत. त्या ईमानाच्या कमतरतेच्या खुणा नव्हेत.

आपल्याकडे अशा वेळी ‘सब्र करा’ म्हटले जाते. पण सब्र म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाजीत उभे राहत. नबी (स.) यांनी त्यांना समजावले की शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही माणसावर हक्क असतो. इबादतीतही विश्रांतीचा हक्क सुटत नसेल, तर सेवेत तो कसा सुटेल? नवव्या शतकात जन्मलेल्या अबू जैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. शरीरासारखे मनही आजारी पडते आणि त्यालाही उपचार लागतात, असे त्याने मांडले. म्हणजे मनासाठी डॉक्टरकडे जाणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही.

घरात कुणी परिचारिका, डॉक्टर, आशा किंवा रुग्णालयातील सफाई कामगार असेल, तर आपण काय करावे? रात्रपाळीहून आलेल्या सुनेवर सकाळच्या स्वयंपाकाचा भार टाकू नये. ती बोलू लागली तर उपदेश न करता ऐकावे. गप्प राहिली तर खोदून विचारू नये. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेले दिसले, तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा निघाली, तर तिला एकटे सोडू नये आणि मदतीला उशीर करू नये.

पुढची साथ केव्हा येईल, अल्लाहच जाणे. ती येण्याआधी आपल्या घरातल्या थकलेल्या सेवकाला त्याचा विसावा मिळवून देणे मात्र आपल्या हातात आहे.