जुन्या गाडीत इंजिन चढवताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. इंजिन, चासी आणि बॉडीत मोठे बदल नसावेत, ही त्यातली अट. म्हणून मूळचंच इंजिन उतरवून, दुरुस्त करून पुन्हा चढवण्याचं महत्त्व वाढलं आहे. या कामातले बहुतेक धोके वजन उचलण्याआधीच टाळता येतात.

गैरसमज : क्रेनवर ‘२ टन’ लिहिलंय, म्हणजे ती २ टन उचलणारच.
वस्तुस्थिती : हा आकडा दांडा पूर्ण आत असतानाचा. दांडा बाहेर काढत जाल तशी क्षमता घटते. २ टनी क्रेनमध्ये शेवटच्या भोकावर ती अर्ध्या टनापर्यंत उतरू शकते. लांब बॉनेटच्या गाडीत दांडा बाहेर काढावाच लागतो. तेव्हा वापरात असलेल्या भोकाजवळचा आकडा पाहावा.

गैरसमज : साखळी आखूड बांधली की इंजिन हलत नाही, म्हणून ती सुरक्षित.
वस्तुस्थिती : साखळी जितकी आडवी, तितका तिच्यावर ताण जास्त. इंजिन १५० किलोचं धरू. साखळीच्या दोन बाजू आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील, तर प्रत्येकीवर सुमारे ८७ किलोचा ताण येतो. ३० अंशांत तोच १५० किलो होतो. शिवाय बोल्ट आडवा ओढला जातो. साखळी कंपनीने दिलेल्या हुकांना किंवा ब्लॉक-हेडच्या भक्कम जागी जाड बोल्टने बांधावी. मॅनिफोल्डला, डायनामोच्या पट्टीला कधीच नाही.

गैरसमज : जॅक लावलाय, आता गाडीखाली जायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. त्यातलं सील कधीही दगा देऊ शकतं. गाडी स्टँडवर टेकवावी, चाकांना ठोकळे लावावेत. लटकत्या इंजिनखाली हातही घालू नये.

गैरसमज : बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली की झालं.
वस्तुस्थिती : आधी काढायची ती अर्थची वायर. मॉरिस मायनरसारख्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू अर्थला असते. पेट्रोलची नळीही आधीच बंद करून तिचं तोंड बुजवावं.

गैरसमज : गिअरबॉक्सशी उरलेली बोटभर फट बोल्ट आवळून मिटते.
वस्तुस्थिती : अशाने क्लच प्लेट वाकते, हाउसिंगला तडा जातो. क्लच प्लेट आधीच मध्यावर आणावी, गिअरबॉक्सला खालून आधार देऊन दोन्हींचा कोन जुळवावा. मग गाडी गिअरमध्ये ठेवून क्रँक हाताने किंचित फिरवावा. खाचा जुळल्या की इंजिन हातानेच आत सरकतं. सरकत नसेल तर मागे घेऊन पुन्हा पाहावं.

गैरसमज : इंजिन बसलं की लगेच सुरू करावं.
वस्तुस्थिती : नव्याने जुळवलेल्या इंजिनात ऑइल सर्वत्र पोहोचलेलं नसतं. ऑइल-पाणी भरून, इग्निशन तोडून, प्लग काढून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवावा. मगच प्लग बसवावेत.

या कामाला किमान दोन माणसं हवीत आणि सूचना देणारा एकच असावा. ‘थांब’ म्हणण्याचा हक्क मात्र दोघांनाही हवा.