शीण आणि उबग : प्रबंधलेखकाच्या थकव्याविषयी

प्रबंधलेखन करणाऱ्या विद्यार्थ्याची तक्रार पुष्कळदा 'थकलो' एवढ्या एका शब्दात येते. मराठीत मात्र या अवस्थेच्या दोन पायऱ्या वेगळ्या ओळखता येतात. शीण विश्रांतीने उतरतो. उबग उतरत नाही, कारण त्याचे मूळ श्रम निष्फळ ठरत असल्याच्या प्रत्ययात असते. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाक यांनी सांगितलेली त्रिविध लक्षणे, म्हणजे गळून जाणे, कामाविषयीचा तुटकपणा व स्वतःच्या कर्तृत्वावरील अविश्वास, ही या दुसऱ्या पायरीवरचीच होत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तिची नोंद व्याधी म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली.

तेव्हा उपाय विद्यार्थ्याच्या मनोधैर्यात शोधण्यापूर्वी कामाच्या रचनेत शोधावा. प्रयोगशाळेत निदान शेजारी कोणी असते. पोथ्यांचे पाठभेद जुळविणारा महिनोन्महिने एकटाच. (मोडी स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यांची कथा तर निराळीच.) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडण्याची तरतूद आहे, ती पुष्कळदा सही-शिक्क्यापुरती उरते. तेथे पूर्ण प्रकरणाऐवजी दहा पानांचे कच्चे टिपण वाचले जावे, आणि मार्गदर्शकाने ते पंधरवड्यात लेखी शेऱ्यांसह परत करावे. 'पुन्हा लिहा' एवढ्याला शेरा म्हणता येत नाही. काय, कोठे व का, हे त्यात हवे. त्याच नियमावलीतील २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा कित्येक विद्यार्थिनींना ठाऊक नसते. नोंदणीच्या दिवशीच विभागाने ती सांगावी.