चालणं की वजन उचलणं? चरबी जावी, पण ताकद राहावी यासाठी

बाळापुरात फजरनंतर पारसच्या रस्त्याला गेलात तर चालणाऱ्यांची रांग दिसेल. कुणाला डॉक्टरांनी शुगरमुळे सांगितलेलं असतं, कुणाला बीपीमुळे, कुणाला पोट कमी करायचं असतं. संध्याकाळी जिममध्ये दुसरी गर्दी, ती पोरांची. आरशासमोर डंबेल उचलणारी ही पोरं चालायला कधी जात नाहीत आणि सकाळी चालणारी त्यांची अब्बा-चाचा मंडळी वजनाला कधी हात लावत नाहीत. दोघांनाही वाटतं की आपलाच मार्ग बरोबर.

आम्हीही अनेक वर्षं चालण्याच्याच बाजूचे होतो. आमच्या घरातल्या एका अनुभवाने डोळे उघडले, म्हणून हा लेख.

आमच्या अब्बांना वयाच्या ६६ व्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. अब्बा शिस्तीचे माणूस. रोज पाऊण तास चालू लागले, रात्रीचं जेवण जवळपास बंदच केलं, चहा-खारीवर भागवू लागले. आठ महिन्यांत ८२ किलोचे ७४ झाले. घरात सगळे खूश. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "माशाअल्लाह, काय तब्येत केली!" पण हिवाळ्यात एक गोष्ट आमच्या लक्षात आली. सज्द्यातून उठताना अब्बा जमिनीवर हात टेकवू लागले, नंतर बाजूच्या माणसाचा खांदा धरू लागले आणि शेवटी मशिदीत मागच्या रांगेत खुर्ची घेऊन बसू लागले. पायजमा मांडीवर ढगळ झाला होता, पोट मात्र बऱ्यापैकी तसंच होतं. आठ किलो गेले खरे, पण त्यांत चरबी किती आणि मांस किती, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

काटा सगळं सांगत नाही

वजनकाटा फक्त एकूण आकडा दाखवतो. हाडं, पाणी, स्नायू, चरबी सगळं त्यातच आलं. आपण फक्त कमी खाऊन वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबी सोडून इतर गोष्टींचा, मुख्यतः स्नायूंचा असतो. त्यात वयाची भर पडते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू थोडे थोडे कमी होतच असतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो.

आपल्याकडच्या लोकांसाठी हा प्रश्न जास्त गंभीर आहे आणि त्याचं उत्तम उदाहरण पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. काटा सारखाच, शरीरं वेगळी. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, ही गोष्ट त्या एका फोटोने जगाला समजावली. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही हेच दिसलं. आपली बाळं वजनाने इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होतं ते मांस.

म्हणूनच आपल्यासाठी वजनाचे निकष कडक आहेत. भारतीयांमध्ये बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त समजतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. शिंप्याकडची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. महिन्यातून एकदा केलेलं हे माप रोजच्या काट्यापेक्षा खरं सांगतं.

मग चरबी कशाने जाते?

आधी हिशेब करू, आमची शिक्षकी सवय आहे ती. ७० किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात. आता चार कप चहा घ्या, प्रत्येकात दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी. अर्ध्या तासाचं चालणं चहातल्या साखरेतच बुडालं! एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. त्यामुळे चरबी जाण्याचा मोठा भाग दस्तरखानावर ठरतो आणि व्यायाम त्याला हातभार लावतो. कोणत्याही व्यायामाने फक्त पोटाचीच चरबी जाईल, असंही होत नाही. शरीर कुठली चरबी आधी काढायची ते स्वतः ठरवतं.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ११९ जणांवर आठ महिने एक प्रयोग झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. सगळे वजन जास्त असलेले, बैठ्या सवयीचे. एका गटाला चालणं-धावणं, दुसऱ्याला वजनं आणि तिसऱ्याला दोन्ही दिलं. जेवण बदलायला सांगितलं नव्हतं. चालणाऱ्या-धावणाऱ्यांची चरबी चांगली उतरली. फक्त वजनं उचलणाऱ्यांची चरबी फारशी उतरली नाही, पण त्यांचे स्नायू वाढले. दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही फायदे मिळाले, मात्र वेळ जवळपास दुप्पट गेला. म्हणजे नुसत्या चरबीचा विचार केला तर मिनिटामागे चालणं पुढे.

पण अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या अभ्यासात मिळतं. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो आला. ६५ वर्षांवरच्या, लठ्ठ अशा १६० लोकांना यात घेतलं होतं. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांना कमी जेवणही दिलं. सहा महिन्यांत तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं. फरक आत होता. फक्त चालणाऱ्यांच्या शरीरातला चरबी सोडून उरलेला भाग ५ टक्के घटला, फक्त वजनं उचलणाऱ्यांचा २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्के. उठणं, बसणं, जिना चढणं अशा कामांची चाचणी घेतली तेव्हा दोन्ही करणाऱ्यांची प्रगती २१ टक्के होती, एकच प्रकार करणाऱ्यांची १४ टक्के.

थोडक्यात : कमी खाण्याने चरबी उतरते, चालण्याने हृदय-फुफ्फुस सुधारतात आणि चरबीला आणखी धक्का बसतो, वजनं उचलण्याने स्नायू जागेवर राहतात. शरीर वापरात असलेल्या गोष्टी जपतं. स्नायूवर भारच पडला नाही, तर उपासमारीच्या दिवसांत शरीर तोही खर्चाला काढतं.

जिममध्ये एक गोष्ट हमखास ऐकू येते की स्नायू वाढले की बसल्या बसल्या शेकडो कॅलरी जळतात. ते खरं नाही. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतो. स्नायू हवेत ते उठण्या-बसण्यासाठी, पडू नये म्हणून आणि शुगरसाठी. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच.

वजन उचलणं आपल्याकडे नवं नाही

काहींना वाटतं ही जिमची फॅशन आहे. वऱ्हाडात तरी असं म्हणू नये. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजही उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आपल्या तालमींत जोर, बैठका, मुद्गल, करेल हे सगळं होतंच. आज ज्याला वेट ट्रेनिंग म्हणतात, त्याचाच हा जुना अवतार.

कुणी म्हणेल, पाच वेळची नमाज आहे, आणखी व्यायाम कशाला? नमाज इबादत आहे, तिला व्यायामाच्या तराजूत तोलू नये. पण ती उभं राहून, रुकू-सज्दा करत शेवटपर्यंत अदा करता यावी, यासाठी पायांत बळ हवं. ते बळ वेगळं कमवावं लागतं.

घरच्या घरी कसं करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे : आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालण्यासारखा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आमच्या घरी आम्ही तो असा बसवला आहे.

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा फजरनंतर लगेच किंवा इशानंतरच.

तीन दिवस, एक दिवस आड, वीस-पंचवीस मिनिटं ताकदीचा व्यायाम :

खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. भिंतीला हात लावून जोर, जमू लागलं की पलंगाच्या काठावर, मग जमिनीवर. वाकून पाण्याची बाटली कमरेकडे ओढणं. पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलणं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अंगणात फेऱ्या.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपं वाटू लागलं की भार वाढवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे एक लिटरची बाटली, मग दोनची, मग पाच लिटरचा कॅन. मुलांचं दप्तर पुस्तकांनी भरलं तरी चालतं. आपल्या आया-बहिणींना जिमला जाणं जमत नसेल तर हे सगळं दार लावून घरात होतं. वजन उचलल्याने बाईचं शरीर पुरुषासारखं होईल ही भीतीही काढून टाका, तसं होत नाही.

जेवणात प्रथिनं हवीत. साधारण गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण वजन उतरवताना १.२ ग्रॅमपर्यंत न्यावी. ६० किलोच्या बाईला ती ७० ग्रॅमच्या आसपास होते. दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम तूरडाळ ११, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २६, एक पेला दूध ८ आणि तीन भाकरींचे १२-१३. झाले सत्तर. पावडरच्या डब्याची गरज नाही. रमजानमध्ये सहरीला नुसता चहा-पाव न घेता अंडी, डाळ, दही ठेवा आणि ताकदीचा व्यायाम इफ्तारनंतर करा.

वेग आठवड्याला अर्धा किलो पुरे. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, छातीत दुखत असेल, हर्निया किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन उचलताना श्वास रोखू नका, बीपी चढतं. आणि आमच्या तरुण विद्यार्थ्यांना हात जोडून सांगणं : कुणी लवकर बॉडी बनवायला इंजेक्शन देत असेल तर तिथून उठून घरी या. स्टेरॉइडने हृदय आणि लिव्हर बिघडतं.

अब्बा आता आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठ-बस करतात. सुरुवातीला चार वेळा जमायचं, आता बारा. वजन ७४ चं ७५ झालं आहे, कंबर मात्र दोन बोटं आत गेली आहे. मशिदीतली खुर्ची अजून पूर्ण सुटलेली नाही. पण फजर आणि इशाला ते पुन्हा सफमध्ये उभे राहतात, आणि उठताना आमचा खांदा शोधत नाहीत.