गाडी बंद पडली? आधी कशी पडली ते सांगा!

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात ‘अप-डाऊनवाले’ नावाची एक मोठी जमात आहे. बँकेतले, जिल्हा परिषदेतले, शाळा-कॉलेजातले, इन्शुरन्सवाले... घर चंद्रपूरला आणि पोस्टिंग मूल, सावली नाहीतर थेट गडचिरोलीला. गडचिरोली साधारण ८० किलोमीटर, त्यामुळे तिथले बहुतेक जण एसटी पकडतात. पण मूलपर्यंत जाणाऱ्यांची लाडकी सवारी म्हणजे स्कूटर! डिकीत डबा, हेल्मेटखाली तोंडाला दुपट्टा आणि सुटले. लोहारा मागे पडलं की जंगल सुरू, चिचपल्ली ओलांडली तरी जंगलच. सकाळी हा रस्ता इतका देखणा दिसतो की ऑफिसला जातोय हेच विसरायला होतं.

आणि अशा रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला गाडी चालता चालता बंद पडते.

पुण्या-मुंबईत गाडी बंद पडली तर काय होतं? मागचे हॉर्न मारतात, आपण ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जातो, दोन कटिंगमध्ये मॅटर खल्लास. इथे मेकॅनिक वीस किलोमीटरवर असतो आणि वाघ किती किलोमीटरवर आहे ते कुणालाच माहीत नसतं. यात अतिशयोक्ती नाही बरं का. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात ड्युटी संपवून घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने मारलं. म्हणजे घनदाट ताडोबात नव्हे, शहराला लागून!

मोहफुलं वेचणाऱ्यांना आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना या भागात नेहमी बजावलं जातं की एकट्याने जाऊ नका, वाकून फार वेळ राहू नका. खाली वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही. आता सांगा, बंद पडलेल्या स्कूटरशेजारी आपण काय करतो? अगदी बरोबर. उकिडवे बसतो आणि मान खाली घालून प्लग शोधतो!

म्हणून इथला फंडा थोडा वेगळा. निदान उभ्यानेच करायचं, डोक्यात. त्यासाठी लागणारी माहिती गाडी बंद पडतानाच देऊन जाते, फक्त आपलं लक्ष नसतं.

खटकन की गचके खात?

पहिला प्रश्न हाच. बटण दाबून दिवा बंद करावा तशी गाडी क्षणात गप्प झाली, तर संशय करंटवर. प्लग, प्लगची कॅप, वायर, इग्निशन कॉइल, किल स्विच. काही नव्या मॉडेल्समध्ये साइड स्टँड खाली असला की इंजिन बंद करणारा स्विच असतो. खड्ड्यात स्टँड हलला किंवा स्विचमध्ये चिखल गेला तरी तो दगा देतो. आधी स्टँडला एक लाथ मारून बघा. फुकटचा इलाज आहे!

उलट गाडीने आधी दम टाकला, दोन-चार गचके दिले, अॅक्सिलरेटर पिळूनही ओढ मिळेना आणि मग ती थांबली, तर मामला पेट्रोलचा. टाकीत पेट्रोल आहे का ते बघा. हसू नका, काट्यावर विश्वास ठेवणारे खूप आहेत. पेट्रोल आहे, तर ते इंजिनपर्यंत पोहोचतंय का?

इथे एक नमुनेदार केस सांगायलाच हवी. गाडी आठ-दहा किलोमीटर झकास पळते, मग गचके खाऊन बंद. दहा मिनिटं थांबलात की सुरू. पुन्हा आठ-दहा किलोमीटर आणि पुन्हा तेच. लोक कार्बोरेटर तीनदा साफ करून घेतात, प्लग बदलतात, शेवटी गाडी विकायला काढतात. गुन्हेगार बऱ्याचदा टाकीचं झाकण असतं. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी आत हवा यायला हवी, आणि त्यासाठी झाकणात बारीक छिद्र किंवा वेगळी नळी असते. ती वाट धुळीने बुजली की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावणारे हुशार लोक तर हा आजार स्वतःच्या हाताने ओढवून घेतात. परीक्षा सोपी आहे. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर चोर सापडला.

जुन्या बजाज चेतकला लोक आडवी करून किक मारायचे, आठवतंय? ती पिढी अडाणी नव्हती. टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल नळीकडे यावं, हा त्यामागचा हिशेब. आजच्या गाड्यांवर मात्र हा प्रयोग नको. १ एप्रिल २०२० नंतर बीएस-६ नियम आले आणि स्कूटरमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. इंजेक्शनवाली बरीच मॉडेल्स गाडी फार कलली की सेन्सरच्या हुकमाने स्वतःहून बंद होतात! या गाड्यांत चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा एक-दोन सेकंद ‘घुंईं’ असा आवाज येतो. तो आला नाही, तर फ्यूज, बॅटरी किंवा पंप. मीटरवरचा पिवळा इंजिनचा दिवा इंजिन चालू असताना पेटला किंवा लुकलुकला, तर गाडी स्वतःच तक्रार नोंदवतेय.

बाटलीतलं पेट्रोल

आलापल्लीच्या पुढे, भामरागड-एटापल्लीकडे पंप विरळ होत जातात आणि किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल दिसायला लागतं. अडीनडीला घ्यावंच लागतं. पण त्यात काय काय असेल सांगता येत नाही. कचरा, रॉकेल, पाणी. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाच्या वाट्याला पहिला घोट नेमका तोच! पेट्रोल काचेच्या किंवा पारदर्शक बाटलीत असेल तर ओतण्याआधी उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर नमस्कार करून पुढे चला.

चंद्रपूरचा उन्हाळा हा आणखी वेगळा विषय. मे महिन्यात पारा ४७ च्या आसपास जातो आणि स्कूटरचं इंजिन तर प्लास्टिकच्या कपाटात कोंडलेलं. गार असताना ठणठणीत, पंधरा-वीस मिनिटं चालली की खटकन बंद, आणि सावलीत अर्धा तास ठेवली की जणू काही झालंच नाही! ही लक्षणं बहुधा मरू घातलेल्या इग्निशन कॉइलची. कधीकधी टॅपेट घट्ट सेट झाल्यानेही असं होतं. अशा गाडीची वाईट खोड म्हणजे मेकॅनिककडे नेईपर्यंत ती गार होते आणि तिथे शहाण्यासारखी चालते. त्याला सांगा, तापवून बघ.

धूळ दोन रंगांत मिळते. पद्मापूर-घुग्घुसकडे कोळशाची काळी, आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात त्या आष्टी-आलापल्ली भागात लाल. दोन्ही एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतात. तेलकट कागदाचा फिल्टर हवा मारून साफ होत नाही, बदलावाच लागतो. कंपनीने दिलेली मुदत चांगल्या रस्त्यांसाठी असते, इथे त्याआधीच.

पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर मात्र किक नाही, सेल्फ नाही, काही नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाचशेचं काम काही हजारांवर जातं. इंजिन चालू आहे पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर घाबरू नका. बेल्ट ओला होऊन घसरतोय, सुकला की ठीक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजेड असेल, रस्ता मोकळा दिसत असेल आणि सोबत कुणी असेल, तर प्लग काढून बघायला हरकत नाही. ओला प्लग म्हणजे पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही. कोरडा म्हणजे पेट्रोलच येत नाही. नवा प्लग आणि पाना डिकीत ठेवा, फार महाग नाहीत. पण सूर्य कलला असेल आणि तुम्ही एकटे असाल, तर पाच मिनिटांत आटपेल तेवढंच बघा: पेट्रोल, झाकण, स्टँड, किल स्विच. तेही रस्त्याच्या मधोमध नाही, पण झुडपांना चिकटूनही नाही. नंतर हँडल लॉक करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि येणाऱ्या एसटीला, ट्रकला हात दाखवा. गाडी ढकलत जंगल पार करायचा पराक्रम नको. स्कूटर रात्रभर जंगलात एकटी राहू शकते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला सोबत घेऊन या. आणि त्याने किक मारायच्या आधीच त्याला सांगा: चढावर नाही, सपाटीवर बंद पडली, आधी दोन गचके बसले, झाकण उघडलं तेव्हा आवाज आला नाही, पंधरा मिनिटांनी एकदा सुरू झाली होती.